नारळ फुटल्यानंतरची तपासणी

पेचकस पत्र्याला टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी जोर लावला नव्हता. भाजलेल्या वांग्यात सुरी जावी तसा गेला. वरून गंजाचा चुरा थेट तोंडावर पडला.

"ओ भाऊ, जरा आरामात! ताजा रंग आहे," वरून आवाज आला.

मी एका व्हॅनखाली उताणा पडलो होतो. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका सोसायटीचं पार्किंग, अक्षय तृतीयेची सकाळ. फरशी आत्ताच तापायला लागली होती. गाडीभोवती पालक उभे होते. मला त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. पेचकस कुठे गेला हे वाकून बघावं, असं त्यातल्या एकालाही वाटलं नाही. चिंता रंगाची होती.

माझं नंदनवनातच गॅरेज आहे. त्याआधी बरीच वर्षं एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये फ्लोअर सुपरवायझर होतो. डिप्लोमा केलाय, पण लोकांसाठी मी मिस्त्रीच. त्याचं मला वाईट वाटत नाही. मिस्त्रीला मुद्दाम बोलवायचं आणि त्याचं ऐकायचं नाही, याचा मात्र राग येतो. तो राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहितोय.

झालं असं की, सोसायटीतल्या पालकांना नव्या वर्षासाठी मुलांची व्हॅन ठरवायची होती. तीन वर्षं ही मुलं शोभाताईंच्या व्हॅननं शाळेत जात होती. ताईंचे मिस्टर कन्हानला खाणीत कंत्राटी कामावर होते. कमरेनं दगा दिला आणि ते घरी बसले. ताई तोवर ब्लाउज शिवायच्या. ब्लाउजवर घर चालेना, तेव्हा त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली, गाडी चालवायला शिकल्या आणि लायसन्स, परमिट सगळं रीतसर करून मुलं नेऊ लागल्या. घर त्या व्हॅनवर चालायचं. ही सोसायटी सुटली, तर शाळा उघडल्यावर गाडीत बसायला मुलंच नाहीत, अशी परिस्थिती.

यंदा ठवरे नावाचा एक गडी नवी ऑफर घेऊन आला. म्हणजे ऑफर नवी, व्हॅन जुनीच. शोभाताईंच्या गाडीचंच मॉडेल, सालही तेच. पण रंग असा, की तोंड बघून भांग पाडावा. बाजूला कार्टूनचे स्टिकर, आत छताला टीव्हीचा स्क्रीन, सीटवर रेक्झिनचे कव्हर. भाडं ताईंइतकंच.

पालकांच्या कमिटीचे प्रमुख मोहाडीकर साहेब. बँकेत अधिकारी. त्यांचा फोन आला.

"वासूभाऊ, दोन्ही गाड्या बघून द्या. आम्हाला एक्स्पर्ट ओपिनियन पाहिजे."

"साहेब, शोभाताईंची गाडी माझ्याकडेच असते. तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी बोलवा."

"अहो, दुसरा पैसे मागते. तुम्ही घरचे माणूस."

मी गेलो. घरचा माणूस म्हटलं की आपण विरघळतो.

आता शोभाताईंच्या व्हॅनबद्दल सांगतो. जुनी गाडी कमी पैशात ठेवायची असेल तर खर्चाचा एक क्रम असतो. आधी थांबणं, मग चालणं, मग दिसणं. थांबणं म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे जोड. चालणं म्हणजे इंजिन, क्लच, आणि आपल्या नागपूरच्या उन्हात सगळ्यात आधी रेडिएटर आणि त्याचे रबरी पाइप. दिसणं म्हणजे रंग, कव्हर, बाकी नखरे. हातात थोडे पैसे असले की माणसाचा जीव तिसऱ्या गोष्टीकडे धावतो. शोभाताईंचा धावला नाही. महिन्याच्या महिन्याला थोडं बाजूला टाकायच्या आणि मी सांगेन ते काम करून घ्यायच्या. एका वर्षी ब्रेक पूर्ण केले. पुढच्या वर्षी खालून दोन ठिकाणी पत्रा गंजलेला सापडला, तो कापून नवा वेल्ड केला. वायरिंग बदललं, कारण जुन्या पेट्रोल गाडीत आग लागते ती बहुतेक वायरीनंच.

दिसायला मात्र गाडी भणंग होती. एकदा ट्रकनं घासलं आणि सरकता दरवाजा गेला. भंगारातून दुसरा आणला तो निळा मिळाला. पांढऱ्या गाडीला निळा दरवाजा. ताई म्हणाल्या, "वासूभाऊ, याले रंग मारू का?" मी म्हटलं, "रंगाच्या पैशात मागचे ब्रेक लायनर येतात." ब्रेक लायनर म्हणजे चाकाला आतून घासून थांबवणारी पट्टी. ताईंनी लायनर टाकले. सीटची कव्हरं त्यांनी गांधीबागच्या बाजारातून कापड आणून घरीच शिवली. ती धुऊन धुऊन विटली होती. मी दिलेला सल्ला बरोबर होता, आणि आज कोणी विचारलं तरी तोच देईन.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा ठवरेच्या गाडीला झेंडूचा हार होता. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकांखाली लिंबं, फरशीवर नारळाचं पाणी सांडलेलं. मला वाटलं, मुहूर्ताचा दिवस आहे, मालकानं आपली पूजा केली असेल. शोभाताईंची गाडी कोपऱ्यात उभी होती. हार नव्हता, पण धुतलेली स्वच्छ होती. ताई तिच्याजवळ पदर खोचून उभ्या होत्या.

आधी ताईंची गाडी घेतली. पार्किंगमधून वेगात काढून जोरात ब्रेक दाबला. सरळ रेषेत थांबली. खाली जाऊन पेचकसानं सगळीकडे टोचून बघितलं. पत्रा टणटण वाजला. टायर तेवढे झिजत आले होते. ताईंना ते माहीत होतं. पावसाळ्याआधी चारही बदलायचे, असं आमचं ठरलंच होतं आणि त्याचे पैसे त्यांनी जमवून ठेवले होते. तसं मी मोहाडीकरांना तिथल्या तिथे सांगून टाकलं.

मग ठवरेची गाडी. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची. वास घेतला तर खालून डिझेलचा वास. गाडी पेट्रोलची आणि वास डिझेलचा! आपल्याकडे धुलाई सेंटरवर ही एक रीत आहे. गाडी धुतली की खालून डिझेलचा फवारा मारायचा. सगळं काळंभोर चमकतं, गंज झाकतो, गिऱ्हाईक खूश. प्रत्यक्षात त्यानं रबर फुगतं आणि ब्रेकमध्ये गेलं तर ब्रेक घसरतात. पण चमकतं ना? झालं तर मग.

म्हणून मी खाली शिरलो आणि दाराखालच्या पत्र्याला पेचकस लावला. या व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याच्या लांब पेट्या जोडून तिचा कणा बनतो, आणि त्यावरच सीट, दार, सगळा भार असतो. ठवरेच्या गाडीचा हा कणा म्हणजे पुट्टी होती. गंजून गेलेल्या पत्र्यात पुट्टी भरून घासली होती आणि वरून काळा रंग.

बाहेर आलो, तोंड पुसलं आणि सांगितलं, "या गाडीत मुलं बसवू नका. दाराखालचा भाग संपलाय. रंग आहे म्हणून दिसत नाही."

ठवरे हसला. "भाऊ, फिटनेस पास आहे. कागद पाहून घ्या."

"कागदाला भोक पडत नाही बाबा. तू इथे बोट घालून बघ."

तो वाकला नाही. मी पालकांकडे बघितलं. ते एकमेकांकडे बघत होते. मोहाडीकर साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"वासूभाऊ, जरा प्रॉब्लेम झाला. नारळ फोडून झाला आहे."

"कोणी फोडला?"

"आम्हीच. म्हणजे मिसेसनी ओवाळलं. मुहूर्त निघून चालला होता आणि तुम्ही यायचे होते. आता सोसायटीच्या हातानं पूजा झालेल्या गाडीला नाही म्हणायचं म्हणजे... लेकरांचा प्रश्न आहे. बायांच्या मनात राहते."

"साहेब, लेकरांचाच प्रश्न आहे म्हणून तर मी खाली झोपलो होतो."

"तुमचं बरोबर आहे. पण शोभाताई तुमच्या गिऱ्हाईक आहेत ना? लोक म्हणतील, मिस्त्री बाजू घेऊन राहिला."

हे मी फोनवर आधीच सांगितलं होतं. तेव्हा मी घरचा होतो, आता मी पार्टी झालो. एक बाई म्हणाल्या, "निळ्या दरवाज्याची गाडी शाळेसमोर उभी राहते तं मुलांना लाज वाटते हो." दुसरीनं टीव्हीचा विषय काढला. अर्ध्या तासात निकाल लागला. एका गाडीपुढे नारळ फोडला आणि तीन वर्षं मुलं नेणाऱ्या बाईला नारळ दिला.

शोभाताईंनी खोचलेला पदर सोडला. गाडी सुरू केली आणि निघून गेल्या. मला राग आला होता तो ठवरेपेक्षा त्या वाकायला तयार नसलेल्या माणसांचा. ठवरेचा तर धंदाच तो. या लोकांची स्वतःची मुलं होती.

मे महिन्यात ताई गॅरेजवर आल्या.

"वासूभाऊ, गाडीले रंग मारून द्या. पूर्ण. दरवाजा बी पांढरा."

"टायरचं काय ठरलं होतं ताई?"

"टायरच्या पैशातच मारून राहिली रंग."

"ताई, पावसात गुळगुळीत टायर म्हणजे साबणावर चालणं आहे. नक्षी असते ती पाणी बाजूला काढायला. नक्षी गेली की चाक पाण्यावर तरंगते, मग ब्रेक कितीही चांगला असो."

"मले समजते ते. तुमीच शिकवलं. पन टायर कोन पाह्यते, भाऊ? चार ठिकानी जाऊन आली. गेटवरूनच नाई म्हन्तात. खाली उतरून कोनी पाह्यलं नाई का ब्रेक कसा हाये म्हनून."

मी म्हटलं, मी रंगाचं काम करत नाही. खरं होतं, माझ्याकडे पेंटर नाही. पण मी ज्या स्वरात म्हटलं तो स्वर काही बरा नव्हता. त्यांनी गाडी कन्हानच्या एका पेंटरकडे नेली. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत.

शाळा उघडल्या. पाऊस लागला. श्रावणात एके दिवशी ठवरेच्या गाडीत एका मुलाच्या हातून पाण्याची बाटली पडली आणि गाडीतून नाहीशी झाली. मॅट उचलून बघितलं तर खाली रस्ता दिसत होता. मधली सीट एका बाजूनं खचली होती. नशीब, कोणाला काही लागलं नाही. ठवरे म्हणाला, मुलं उड्या मारतात म्हणून झालं. पालकांनी त्याला त्याच आठवड्यात काढलं. एकानंही मला फोन करून म्हटलं नाही, की भाऊ, तुम्ही सांगितलं होतं. माझी तशी अपेक्षाही नव्हती. बरं, थोडी होती.

फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. मोहाडीकर साहेब एकदम खुशीत होते.

"वासूभाऊ, शोभाताईला परत लावलं आम्ही! गाडी काय मस्त केली हो त्यांनी. ओळखू येत नाही. हेच आधी केलं असतं तर एवढी भानगड झाली नसती."

"टायर बदलले का त्यांनी?"

"ते तुमचं टेक्निकल. आपल्याला काय समजते त्यातलं?"

टायर बाहेर असतो. तो बघायला गाडीखाली झोपावं लागत नाही. पण बोलून काय उपयोग?

त्या संध्याकाळी मी शोभाताईंकडे गेलो. गाडी दारात उभी होती. खरंच सुंदर दिसत होती. चाकावरून हात फिरवला. चारही टायर तळहातासारखे गुळगुळीत.

"ताई, या टायरवर लेकरं नका नेऊ."

"पह्यल्या महिन्याचे पैसे आले का टायरच घेतो."

"तोपर्यंत पाऊस थांबणार आहे का?"

"मंग गाडी बंद ठेवू? बंद ठेवली तं पैसे येतीन कोठून? तुमीच सांगा."

"मी टाकून देतो माझ्याकडून. पैसे जमतील तसे द्या."

त्यांनी मान हलवली. "नको भाऊ. तुमच्या भरवशावर एक डाव बसली ना घरी. तुमी म्हनलं ब्रेक करा, मी ब्रेक केले. तुमी म्हनलं रंग राहू द्या, मी राहू देला. काहून ऐकलं म्हनून मनाले विचारत होती मी उन्हाळाभर."

मी तिथून निघालो. पण गाडीत उद्या सकाळी मुलं बसणार होती. घरी आलो आणि मोहाडीकरांना फोन केला. मी त्यांना सरळ म्हटलं, "शोभाताईंची गाडी उत्तम आहे, बाई चांगली चालवते, फक्त टायर गेलेत. सगळ्या पालकांनी मिळून दोन महिन्यांचं भाडं आधी द्या. उद्याच टायर बसतील. मी मजुरी घेत नाही."

मग साहेब म्हणाले, "वासूभाऊ, राग नका मानू. तुमचं त्यांच्याशी काही बिनसलं का? तेव्हा तं त्यांची बाजू घेत होते. आता त्यांनी दुसरीकडे काम केलं म्हणून..."

उन्हाळ्यात मी ताईंच्या बाजूचा होतो, पावसाळ्यात त्यांच्यावर जळणारा झालो. टायरचं काय ते तसंच राहिलं.

म्हणजे अगदीच तसंच राहिलं नाही. बँकेतला माणूस आहे, माहिती वाया जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोभाताईंना सांगितलं, तुमचा मिस्त्रीच म्हणतो गाडी जोखमीची आहे, तेव्हा भाडं कमी करा. मुलं काढली नाहीत. आगाऊ पैसे दिले नाहीत. त्याच टायरवर तीच मुलं, फक्त भाडं कमी. ताईंना हो म्हणावं लागलं. नाही म्हणायला त्यांच्याकडे दुसरं काय होतं?

ताई गॅरेजवर आल्या. मला वाटलं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हातातला पाना ठेवून मी उभा राहिलो.

"भाऊ, तुमी दोन्ही वेळा खरं बोलले. मी नाई म्हनत नाई," त्या म्हणाल्या. "पन दोन्ही वेळा नुकसान माह्यंच झालं."

एवढं बोलून गेल्या. माझ्याकडे एक बसायचं स्टूल आहे, त्यावर मी किती तरी वेळ नुसता बसून राहिलो. समोर एका गिऱ्हाईकाची गाडी उघडी पडली होती. तिच्याकडे हात गेला नाही.

पोळ्याच्या सुमारास भाजीबाजारात त्यांची व्हॅन दिसली. ताई आत नव्हत्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि चोरासारखा वाकलो. चारही टायर नवे होते. चांगल्या कंपनीचे, बरोबर मापाचे. हवाही नीट होती. कुठून पैसे आणले, काय मोडलं, काय गहाण टाकलं, मला माहीत नाही. ते कोणी बसवले तेही माहीत नाही. माझ्याकडे त्या आल्या नव्हत्या आणि नंतरही कधी आल्या नाहीत. मला बरं वाटलं, आणि वाईटही तितकंच वाटलं. भाडं मात्र कमी केलेलं ते कमीच राहिलं, असं ऐकतो.

गाडी बघून द्या म्हणून अजूनही लोक बोलावतात. मी जातो, बघतो, जे आहे ते सांगतो. आमच्या धंद्यात खोटं बोललं तर कधी ना कधी चाक निखळतं. पण खरं बोलण्याआधी आता एक गोष्ट बघून घेतो, की या खऱ्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार आहे. माझ्या नावावर फाटत असेल, तर लगेच बोलतो.